मदत हवी आहे : .२२ रायफलसाठी गोळ्यांचा लॉट कसा निवडावा?

नमस्कार. मी ठाण्यात राहतो आणि क्लबच्या .२२ रायफलने ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकाराचा सराव करतो. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर असल्यामुळे, आपल्या बॅरलला कोणता लॉट (एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या) मानवतो हे झाडून पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. गेल्या रविवारी रायफल टेकूवर ठेवून दोन लॉटच्या प्रत्येकी दहा गोळ्या झाडल्या. पहिल्या लॉटची छिद्रे एकमेकांत मिसळली, तर दुसऱ्याच्या सुरुवातीच्याच दोन गोळ्या खाली घसरल्या. बॅरलमध्ये आधीच्या गोळ्यांचे मेणासारखे वंगण उरलेले असते, त्यामुळे त्या दोन मोजाव्यात की सोडाव्यात, हे मला ठरवता येत नाही. (चूक माझ्या ट्रिगरची असेल, तर गोळीला बोल लावणे बरे नव्हे.) लॉट बदलल्यावर आपण किती गोळ्या सोडून देता आणि निवडीसाठी दहा-दहाचे किती ग्रुप पुरेसे मानता, हे कृपया सांगावे.