'फ्लोटिंग' कॅलिपर: तरंगता, सरकता की खेळता?

कानामात्रा
वाहनदुरुस्ती शिकणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. डिस्क ब्रेकच्या प्रकरणात अडले आहे. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडांनी आवळणारा भाग. तो दोन प्रकारचा, फिक्स्ड आणि फ्लोटिंग. फिक्स्डला 'स्थिर' लिहिलं, ते खपलं. फ्लोटिंगला आधी 'तरंगता' लिहिलं होतं. कच्चा मजकूर वर्गात वाचला गेला तेव्हा एका मुलीने विचारलं, "म्हणजे हा ब्रेक ऑइलमध्ये तरंगतो का?" प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत तरंगायचं तर खाली काहीतरी पातळ लागतं, आणि इथे नेमकं शेजारीच ऑइल आहे. तिने शब्दावर विश्वास ठेवला आणि शब्दाने तिला भलतीकडे नेलं. तेव्हापासून तो शब्द माझ्याने लिहवत नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं: पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क काही बाजूला होत नाही, म्हणून उलट्या रेट्याने कॅलिपरचं अख्खं अंग मागे ओढलं जातं आणि बाहेरचा पॅडही डिस्कला येऊन भिडतो. हे सगळं सामावणारा, शिकणाऱ्याला फसवणार नाही असा शब्द हवा आहे. व्याजदराला 'तरता' म्हणतात तसं 'तरता कॅलिपर' चालेल का?

बारातेरा
'तरता' नको, त्यातही पाणी आलंच. कामावर आम्ही त्याला वेगळं असं नाव घेत नाही, 'पिनवाला' म्हटलं की कळतं. माझं म्हणणं, शब्द पिनांपासूनच सुरू करा. तो कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, 'सरकता' म्हणून मोकळ्या व्हा.

मध्यंतरी एक गाडी आली, तक्रार होती की पुढचं एक चाक तापतं. चाक उतरवलं, पॅड काढले. आतला पॅड पार लोखंडी पाठीपर्यंत गेलेला, बाहेरच्यावर अर्ध्याहून जास्त माल शिल्लक. एवढं दिसलं की पुढचं न बघताही सांगता येतं. पिनेवरची रबरी टोपी फाटली होती, आत पाणी जाऊन ग्रीस साबणासारखं पांढरट झालं होतं आणि पिनेवर तांबडा गंज धरला होता. पान्याने धरून, आधी फिरवून, मग ओढून काढावी लागली. कॅलिपर सरकायचा थांबला की एकटा आतला पॅड मरतो. शिकणाऱ्याच्या डोक्यात 'सरकता' बसलं असेल, तर 'सरकत नाहीये' हा दोष त्याला आपोआप सुचेल. 'तरंगता'मधून काय सुचणार?

शुद्धमती
'सरकता' उत्तम. पण विशेषण मराठी आणि नाम इंग्रजी हे अर्ध्यावर का सोडायचं? कॅलिपरला 'चिमटा' म्हणा. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा साधा ब्रेक डोळ्यांसमोर आणा, तो चिमटाच आहे. पिस्टनला शाळेच्या पुस्तकात 'दट्ट्या' आहे आणि मुलांना तो कळतो. डिस्कला 'चकती'. 'दट्ट्या आतली गादी चकतीवर दाबतो आणि सरकता चिमटा बाहेरची गादी ओढून घेतो', या वाक्यात काय अवघड आहे? आपण वापरत नाही म्हणून शब्द परके वाटतात, आणि परके वाटतात म्हणून वापरत नाही. कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि पाठ्यपुस्तकाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

बारातेरा
वाक्य कानाला गोड आहे, मान्य. पण तोच मुलगा उद्या सुट्या भागांच्या दुकानात 'पुढच्या चिमट्याची गादी द्या' म्हणाला तर रिकाम्या हाताने परत येईल. आणि पॅडला गादी कशी म्हणायची? गादी मऊ असते. पॅड हातात घेऊन बघा, दगड आहे. आतल्या तारांचे आणि चुऱ्याचे ठिपके दिसतात, नखाने ओरखडासुद्धा उठत नाही.

धातुपाठ
पॅड पूर्वी तर चक्क धातूचा होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यात घासायला तांबं होतं. धातूवर धातू, त्यामुळे असा कर्कश आवाज निघायचा की तेवढ्याने माणूस वैतागावा. पुढे हर्बर्ट फ्रूड यांचं अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आलं आणि घर्षणाचा प्रश्न मार्गी लागला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचं काय होतं ते कळल्यावर आता अनेक ठिकाणी तेही गेलं. म्हणून मला 'अस्तर' हा शब्द ड्रम ब्रेकच्या लायनरला फार योग्य वाटतो, कारण तिथे ते खरोखर ब्रेक-शूच्या (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीच्या) बाहेरच्या अंगाला अस्तरासारखं चिकटवलेलं असतं. डिस्कच्या पॅडला तो लागू पडत नाही.

'चिमटा'बद्दल एक शंका. चिमट्याला दोन पाती असतात आणि दोन्ही हलतात. ते फिक्स्ड कॅलिपरचं वर्णन झालं, त्यात दोन्हीकडून पिस्टन येतात. फ्लोटिंगची जात निराळी. सुतार दोन फळ्या चिकटवताना क्लॅम्प लावतो, तो आठवा. स्क्रू एकाच बाजूला फिरवायचा. क्लॅम्प फळीवर सैल लटकलेला असतो, म्हणून दुसरा जबडा आपोआप येऊन घट्ट बसतो. तो क्लॅम्प भिंतीला ठोकून टाकला तर फळी नुसती एका बाजूने ढकलली जाईल. या सैल लटकण्यालाच इंग्रजीत फ्लोटिंग म्हटलं आहे. म्हणून मी 'खेळता' सुचवतो. खेळती हवा, खेळतं भांडवल, हे आपल्या अंगचं आहे. कुठेही जखडून न ठेवलेलं, पण मोकाटही न सुटलेलं.

कानामात्रा
'खेळता' वाचून थांबलेच. 'व्हेंटिलेटेड डिस्क'साठी, म्हणजे थंड राहायला आतून हवेच्या वाटा ठेवलेल्या डिस्कसाठी, मी 'हवा खेळती डिस्क' लिहून ठेवलं आहे, कारण 'हवेशीर डिस्क' म्हटलं की खिडक्या असलेली खोली दिसते. दोन्ही जवळजवळ आले तर गोंधळ होईल का?

बारातेरा
होईल. आणि 'खेळता' म्हटल्यावर शिकाऊ मुलाला वाटेल की पिनेत प्ले, म्हणजे ढिलेपणा, असायलाच हवा. खडखड वाजणारा कॅलिपर तो 'खेळतोय' म्हणून सोडून देईल. पिन आत नीट बसलेली हवी आणि तरी बोटाने सरकायला हवी. यात खेळ नाही.

व्युत्पत्तिवेडा
उशिरा आलो, पण कॅलिपर या शब्दावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तो 'कॅलिबर'चाच भाऊ. कॅलिबर फ्रेंचमधून आला, त्यामागे अरबी 'कालिब' म्हणजे साचा, आणि त्याच्याही मागे ग्रीक शब्द असल्याचं मानतात, त्याचा अर्थ जोडे शिवताना आत घालायचा लाकडी पाय. त्या लाकडी पायाला उर्दूत 'कालबूत' म्हणतात, ते याच गणगोतातलं. ज्या शब्दाला तुम्ही इंग्रजी म्हणून हाकलताय तो इतकी गावं फिरून आलाय.

'डिस्क'साठी चकती ठीक, तबकडीही ठीक, पण मराठीने ग्रीक 'डिस्कोस'चं भाषांतर कधीच करून ठेवलं आहे: थाळीफेक! तीच डिस्क. त्याच मुळातून इंग्रजीत डिश आणि डेस्कही निघाले.

आणि त्या सरकत्या पिनेला 'खीळ' म्हणा, अशी माझी फार इच्छा आहे. खीळ म्हणजे ठोकलेली मेख. 'कामाला खीळ बसली' म्हणजे काम अडलं. बारातेरांच्या गाडीत शब्दशः तेच झालं, खीळ बसली.

बारातेरा
म्हणूनच नको ना! आपल्याला सरकणारी हवी आहे, अडवणारी नव्हे.

शुद्धमती
व्युत्पत्तिवेडा, शब्द कुठून फिरून आला याने तो आपल्याला कळतो असं होत नाही. त्या वर्गातल्या मुलीला अरबी साचा ठाऊक नाही. 'चिमटा' ठाऊक आहे.

आणि खरी चिंता निराळीच आहे. वर बिनदिक्कत 'ब्रेक ऑइल' लिहिलं गेलं आहे. ते ऑइल नाही. पुस्तिकेत ते 'ब्रेक-द्रव' असंच हवं. इथे शुद्धीचा आग्रह नाही, शब्द धोक्याचा आहे म्हणून सांगते. आमच्या घरच्या गाडीत ब्रेकच्या डबीतली पातळी खाली गेली होती. कुणीतरी 'ऑइल घाल' म्हटलं आणि घालणाऱ्याने घरात होतं ते इंजिन ऑइल ओतलं. चारेक दिवसांत पॅडल कडक झालं, ब्रेक दाबल्यावर सुटेनात, चाकं धरून राहिली. आतली सगळी रबरं फुगली होती. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं उघडावं लागलं. शब्दाने केलेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धातुपाठ
या मुद्द्यावर शुद्धमतींच्या बाजूने. नेहमीचा डॉट ३ किंवा डॉट ४ (ही ब्रेक-द्रवाची प्रतवारी) हा ग्लायकॉलच्या जातीचा द्रव, आणि ब्रेकमधली रबरं त्यालाच सोसतील अशी केलेली. खनिज तेल लागलं की ती फुगतात. शिवाय हा द्रव हवेतलं पाणी शोषतो, तेल तसं करत नाही. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तीच अट १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर कॅलिपर तापला, पाणी मुरलेला द्रव उकळला, की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, ब्रेक लागत नाही. 'ऑइल' म्हटलं की माणसाला वाटतं, गळत नाही तोवर बदलायचं कशाला. 'पाणी शोषणारा द्रव' असं कळलं तर तो मुदतीने बदलेल.

व्युत्पत्तिवेडा
पण 'तेल' शब्दच मुळात तिळाचा. तिळापासून निघतं ते तैल. मग शेंगदाण्याचं निघालं, त्यालाही तेल म्हटलं. जमिनीतून निघालं, त्यालाही. इंग्रजी 'ऑइल'चं मूळ ऑलिव्हमध्ये. दोन्ही शब्द एकेका झाडाचं नाव घेऊन निघाले आणि दिसेल त्या ओशट पदार्थावर बसले. ब्रेकच्या डबीपर्यंत पोचला तर त्यात नवल काय? शब्द पसरतात.

शुद्धमती
पसरू देत. डबीच्या झाकणावर पसरायला नकोत.

बारातेरा
माझं मत ऐका. 'ब्रेक ऑइल' हा एकच शब्द समजा, फोडूच नका. 'ब्रेक ऑइल दे' म्हटल्यावर दुकानदार इंजिन ऑइल देत नाही. घोटाळा 'ब्रेक' गाळून नुसतं 'ऑइल' म्हणण्यात झाला. आणि काही सायकलींच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये खरोखरच मिनरल ऑइल असतं, त्यात डॉट घातला तर त्याची रबरं जातात. तिथे 'द्रव' लिहून काय साधलं? डबीवर लिहिलेलं वाचा, हे शिकवायला हवं.

ता.क. ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढतात, त्या 'ब्लीडिंग'ला तुम्ही काय लिहिलंय? 'रक्तस्राव' असेल तर आधी खोडा. 'हवा काढणे'.

कानामात्रा
'हवा काढणे'च लिहिलं आहे. पण आपण कॅलिपरवरून कुठे आलो! 'ब्रेक-द्रव (प्रचलित नाव ब्रेक ऑइल)' असं पहिल्यांदा देऊन पुढे काय वापरायचं ते ठरवते. शुद्धमतींचा अनुभव वाचून हात थांबला, एवढं खरं.

अजून एक अडचण सांगून टाकते. मूळ मजकुरात 'वॉर्प्ड डिस्क' आहे. 'वाकलेली डिस्क' लिहिलं.

धातुपाठ
कृपया लिहू नका. गाडीची डिस्क राखाडी ओतीव लोखंडाची असते, ती रोजच्या वापराने वाकून बसणं फार विरळा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, पॅडल पायाला धक्के देतं, ते बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा थर तिथे जास्त बसतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका, पण पायाला कळतो. 'असमान जाडीची डिस्क' म्हणा.

बारातेरा
आम्ही 'डिस्क आउट आहे' म्हणतो. डिस्क फिरवताना डगमग मोजणारा काट्याचा डायल लावला, काटा हलला, आउट. ती वाकली, झिजली की थर बसला हे पुढचं. ज्याला कारण अजून माहीत नाही त्याने कारण सांगणारा शब्द वापरू नये. 'आउट'मध्ये तेवढा प्रामाणिकपणा आहे.

धातुपाठ
हे पटलं. पण मायक्रोमीटरनेही मोजा. डायल डगमग दाखवतो, जाडी दाखवत नाही.

बारातेरा
मोजतो. डिस्कवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंज तारेच्या ब्रशने घासला की दिसतो. त्याखाली गेली की डिस्क बाद.

शुद्धमती
'बाद' हा सुंदर शब्द 'आउट'साठी मोकळा असताना...

बारातेरा
अहो, 'बाद' म्हणजे फेकायची. 'आउट' म्हणजे अजून तपासायची. दोन्ही लागतात.

व्युत्पत्तिवेडा
ब्रेकलाच मराठी शब्द का रुजला नाही, यावर कुणी बोलेल का? 'गतिरोधक' होता, तो रस्त्यावरचा उंचवटा घेऊन बसला. 'लगाम' घोड्याचा राहिला. 'आळा' फक्त घालता येतो, दाबता येत नाही. शुद्धमती, तुमच्या वाक्यात सगळं मराठी होतं, पण ब्रेकला तुम्हीही हात लावला नाही.

शुद्धमती
लावला नाही, कारण 'ब्रेक' दोनच अक्षरी आहे, तोंडात बसतो आणि त्याने कुणाची फसगत होत नाही. माझा आग्रह जिथे माणूस चुकतो तिथला आहे.

कानामात्रा
प्रकरण पुढे द्यायचं आहे, म्हणून तूर्त असं केलं आहे: पहिल्या उल्लेखात 'पिनांवर सरकणारा (फ्लोटिंग) कॅलिपर', नंतर सगळीकडे 'सरकता कॅलिपर', शेजारी आकृती, आणि आकृतीत पिनांना ठळक बाण. धातुपाठांचा सुताराचा क्लॅम्प एका वाक्यात घेतला आहे. त्या मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे पिन अडकली तर एकच पॅड झिजणार."

धातुपाठ
हे छान झालं. तरी एक विचारतो: मोटरसायकलच्या प्रकरणात 'फ्लोटिंग डिस्क' येईल तेव्हा काय करणार? तिथे बाहेरची घासणारी कडी आतल्या चक्रावर बटणांनी धरलेली असते. तापून फुगायला आणि पॅडांच्या मध्ये आपली जागा घ्यायला तिला किंचित मोकळीक ठेवतात, हाताने हलवली तर बारीक खुळखुळतेसुद्धा. तिला 'सरकती' म्हणता येणार नाही. तिथे 'खेळती'च शोभते.

बारातेरा
तिथे शोभते. तिथे खेळ खरोखर असतो.

कानामात्रा
म्हणजे एकाच 'फ्लोटिंग'ला दोन प्रकरणांत दोन शब्द. सूचीत काय लिहू? आणि 'बेडिंग इन'ही राहिलंच आहे, नवे पॅड लावल्यावर मध्यम वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून डिस्कवर त्यांचा थर जमवायचा, ते.

बारातेरा
त्याला आम्ही सरळ 'पॅड बसू देणे' म्हणतो.

कानामात्रा
पण 'पॅड बसवले' हे आधीच 'जागेवर लावले' या अर्थाने तीनदा येऊन गेलं आहे. वाचणारा म्हणेल, बसवले की, आणि तशीच गाडी देऊन टाकेल.