मदत हवी आहे: आईची डोनेपेझिल आणि पोटाचा त्रास

आई ७४ वर्षांची, मुलुंडला आमच्याकडेच असते, अल्झायमरचं निदान होऊन आठ महिने झाले. एमआरआय, बी१२, थायरॉइड सगळं करून झालंय. डोनेपेझिल (याच आजारावरची गोळी) ५ एमजीवर ठीक होती, दीड महिन्यापूर्वी १० केली तेव्हापासून मळमळ, जुलाब आणि रात्री स्वप्नं पडून दचकून उठते, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर द्यायला लागलो, झोप सुधारली पण पोट नाही. वजनही उतरलंय. या गोळीने आजार बरा होत नाही हे माहितीये, पण तिने दोन घास नीट खावेत एवढंच वाटतं. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, तोवर मनाने बंद करणार नाही. कोणाकडे रिवास्टिग्मिनचा पॅच (याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाची, त्वचेवर चिकटवायची पट्टी) वापरलाय का, पोटाला खरंच कमी त्रास होतो का, आणि पाठीवर लावला तरी पेशंट ओढून काढतात का?