पाण्यात तापणारे चुंबकीय नॅनोकण पेशींमध्ये थंड का पडतात?

चुंबकसूची : माझ्या पीएच.डी.चे तिसरे वर्ष सुरू आहे; विषय आहे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापणाऱ्या नॅनोकणांनी कर्करोग पेशी मारणे. सहअवक्षेपणाने (द्रावणातून लोहाचे क्षार एकत्र खाली बसवून) मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे साधारण 15 नॅनोमीटरचे कण तयार करून त्यांवर कायटोसन या धनभारित जैवबहुलकाचे आवरण चढवले आणि त्याला फॉलिक ॲसिड जोडले, कारण अनेक कर्करोग पेशींच्या पृष्ठभागावर फॉलेटचे (म्हणजे फॉलिक ॲसिडचे) ग्राही, म्हणजे त्याला पकडून आत घेणारी प्रथिने, मोठ्या संख्येने असतात. 300 किलोहर्ट्झ वारंवारता आणि मीटरला 20 किलोअँपिअर चुंबकीय क्षेत्र दिले की हे कण पाण्यात काही मिनिटांतच 45 अंश सेल्सिअस गाठतात. हेला पेशींनी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग पेशींनी) ते आत घेतल्यावर मात्र तेवढ्याच लोहाने तापमान जेमतेम चढते. शिवाय फॉलिक ॲसिड असलेले आणि नसलेले कण पेशींत जवळपास सारखेच शिरतात. दोष कणांत आहे की प्रयोगात?

लोहकण : उष्णता दोन वाटांनी निर्माण होते: कणाच्या आतील चुंबकत्वाची दिशा बदलते तेव्हा, आणि अख्खा कण द्रवात फिरतो तेव्हा. पेशीच्या पिशव्यांत कण एकमेकांना चिकटून बसल्यामुळे दुसरी वाट बंद होते आणि शेजारच्या कणांच्या क्षेत्रामुळे पहिलीही बहुधा मंदावते. तेवढेच लोह घट्ट अगारमध्ये (कण फिरू न देणाऱ्या जेलीत) चांगले विखरून मोजा. तिथेही उष्णता घटली तर फिरणे थांबल्याचा परिणाम आहे. तिथे टिकली तर गुठळ्यांकडे पाहा.

पेशीघर : दुसऱ्या अडचणीचे, म्हणजे फॉलिक ॲसिडने फरक न पडण्याचे, मूळ मला पेशी वाढवण्याच्या पोषक माध्यमात दिसते. नेहमीच्या आरपीएमआय-1640 माध्यमात लिटरला 1 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते, म्हणजे रक्तातील पातळीच्या कितीतरी पट. आपले कण पोहोचण्यापूर्वीच ग्राही व्यापलेले असणार. पेशी फॉलेटविरहित माध्यमात वाढवा आणि एका संचात मुद्दाम मुक्त फॉलिक ॲसिड घाला. त्या संचात कणांचे शिरणे घटले तरच ग्राहींमार्गे प्रवेश होतो असे म्हणता येईल. कायटोसनचा धनभार ऋणभारित पेशीपटलाला असाही चिकटतो, हे विसरू नये. आणि रक्तद्रवातील प्रथिनांचा थर चढल्यावर ट्रान्सफेरिन (पेशींच्या ग्राहींना जुळणारे लोहवाहक प्रथिन) लावलेल्या कणांची लक्ष्य ओळखण्याची क्षमता हरपते, हे 2013 मध्येच दाखवले गेले आहे. म्हणून रक्तद्रवात भिजवलेल्या कणांवरही हीच चाचणी घ्यावी.

लोहकण : एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या चुंबकीय क्षेत्राचा (अँपिअर प्रति मीटर) आणि वारंवारतेचा (हर्ट्झ) गुणाकार 6 अब्ज होतो. शरीरात प्रवर्तित होणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे निरोगी ऊतीही तापते, म्हणून संशोधक ब्रेझोविच यांनी या गुणाकारावर घातलेली मर्यादा 48.5 कोटींची आहे. लहान भागावरील उपचारासाठी 5 अब्जांपर्यंतची सैल मर्यादाही सुचवली गेली आहे. आपण तीही ओलांडली आहे. जर्मनीत मेंदूच्या गाठीवर वापरलेल्या उपचारात 100 किलोहर्ट्झच ठेवले होते, आणि कण रक्तातून न सोडता थेट गाठीत टोचले होते. रुग्णाचा विचार प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी राखून न ठेवता आताच वारंवारता उतरवून मोजमाप करावे, ही कळकळीची विनंती.

चुंबकसूची : मनःपूर्वक आभार. माध्यमातील फॉलिक ॲसिडकडे माझे लक्षच गेले नव्हते. सोमवारी अगारचे नमुने 100 किलोहर्ट्झवर लावते. फॉलेटविरहित माध्यम आल्यावर प्रवेशाची चाचणी पुन्हा करून आकडे इथे मांडेन.