कुत्र्याच्या पिल्लाचं पोट बिघडलं तर घरी काय करायचं? इंदूरकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती

मंडळी, गल्लीतली आणि घरातली, दोन्हीकडची पिल्लं सध्या पोटाने हैराण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. "आमच्या ब्रूनोला काय झालं" ही कथा नको. किती वजनाला किती, किती तासांनी, काय चुकतं आणि का, एवढंच लिहा. इंदूरजवळच्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातलं कुणी असेल तर चुका बिनधास्त दुरुस्त करा. एक विनंती: तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि मोठा कुत्रा यांची सरमिसळ करू नका. निम्मा घोळ तिथेच होतो.

रामबागकर

औषधाआधी शी नीट बघा. एका वेळी भरपूर, पाण्यासारखी, दिवसातून तीन-चारदा आणि पिल्लू वाळत चाललेलं, असं असेल तर बिघाड लहान आतड्यात. थोडीथोडी पण सारखी, कुंथून, शेंबूड मिसळलेली आणि शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब, तर मोठं आतडं. हा दुसरा प्रकार दिसायला भयंकर असतो, पण लस पूर्ण झालेलं पिल्लू खेळत-खात असेल तर तो बहुतेकदा लवकर आवरतो. काळी, चिकट, डांबरी शी म्हणजे वरच्या भागात रक्त जातंय. लहान पिल्लांत त्याचं नेहमीचं कारण हुकवर्म, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत.

मग ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी बोटाला चिकटली तर शरीरात पाणी कमी आहे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धतही आहे, पण गुबगुबीत पिल्लाची कातडी फसवते, सुकलेलं पिल्लूही ठीक वाटतं. हिरड्यांवर जास्त भरवसा ठेवा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

थर्मामीटर डिजिटल घ्या. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दीड-दोन सेंटीमीटर, त्याहून आत नको. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे त्यांचं नॉर्मल. माणसाच्या हिशोबाने 101 ला "ताप आलाय" म्हणून पॅरासिटामॉल देणारे बरेच आहेत. कुत्र्याच्या यकृताला ते झेपत नाही, रक्तही बिघडतं. 103.5 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर धाग्यावर विचारत बसू नका, गाडी काढा.

लोकमान्यनगरची ताई

काका, त्यापुढचं मी लिहिते. पातळ शीने पिल्लू दगावत नाही, अंगातलं पाणी आणि साखर संपल्याने दगावतं. त्यामुळे शी थांबवायच्या मागे लागण्यापेक्षा आत काय जातंय ते बघा.

मेडिकलवरून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएस आणा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटं 200 मिलीचं. पिल्लासाठी छोटंच बरं, कारण कालवलेलं पाणी 24 तासांनंतर टाकून द्यायचं असतं. मोठं पाकीट अर्धं अर्धं वापरायला गेलात की मिठाचं प्रमाण चुकतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाला नर्मदेचं येत असो की बोअरिंगचं. खोक्यातलं संत्र्याच्या चवीचं पेय म्हणजे ओआरएस नाही, आणि नुसती ग्लुकोज पावडरही नाही. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

द्यायचं कसं: सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज घ्या. उलटी झाली असेल तर अर्धा तास काही नाही. मग वजनाच्या दर किलोमागे 1 मिली, दर दहा मिनिटांनी. म्हणजे 3 किलोच्या पिल्लाला 3 मिली. दोन तास उलटी झाली नाही तर मात्रा दुप्पट करा. सिरिंज गालाच्या बाजूने, दाढांच्या फटीतून, डोकं सरळ ठेवून. मान वर करून घशात ओतलं की पाणी श्वासनलिकेत जातं आणि जुलाबावर न्यूमोनियाची भर पडते. पिल्लाला दिवसाला किलोमागे साधारण 100 मिली पाणी लागतंच, जुलाबात बाहेर गेलेलं वेगळं. वाटी भरून समोर ठेवू नका, तहानलेलं पिल्लू गटागटा पितं आणि सगळं ओकून टाकतं.

सुदामानगरच्या काकू

उपास घडवायचा का? आमच्याकडे मोठ्या कुत्र्याला एक दिवस उपाशी ठेवतात. आणि जायफळ? बाळाला उगाळून देतात तसा एखादा वेढा दिला तर?

लोकमान्यनगरची ताई

काकू, पिल्लाला उपास नाही. नुसते जुलाब असतील तर खाणं थांबवायचंच नाही, फक्त हलकं द्यायचं. उलट्या असतील तर जास्तीत जास्त चार तास. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत तर त्याहून कमी. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो, तो संपला की अंग थरथरतं, चाल लटपटते, झटके येतात. तसं दिसलं तर अर्धा छोटा चमचा मध हिरड्यांवर चोळायचा आणि लगेच डॉक्टर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, फक्त चोळायचं.

जायफळ नको. त्यातला मायरिस्टिसिन कुत्र्याच्या मेंदूवर आणि हृदयावर काम करतो. एका वेढ्याने काही होईलच असं नाही, पण जायफळाने पिल्लू गुंगलं तर आपण ज्या सुस्तीवर लक्ष ठेवून आहोत ती औषधाची की आजाराची, हेच कळणार नाही. तांदळाची पेज खुशाल द्या, तिला आक्षेप नाही.

महूचा_इंटर्न

काकूंच्या प्रश्नाला जोडून गोळ्यांचं लिहितो. मेडिकलवाल्याला "कुत्र्याला लूज मोशन" सांगितलं की दोन गोळ्या हातात येतात. एक नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडाझोल. नॉरफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं वाढत्या पिल्लाच्या सांध्यांमधल्या कूर्चेला इजा करतात. दुसरी लोपेरामाइड. ती आतड्याची हालचाल थांबवते, म्हणजे जंतू आणि विष आतच राहतात. शिवाय कोली (मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात) आणि त्यांच्याशी नातं असलेल्या काही जातींत जनुकीय दोषामुळे ती मेंदूत शिरते. मेट्रोनिडाझोल आम्हीही देतो, पण वजन आणि तपासणी बघून. ती इतकी कडू असते की चुकून जिभेवर फुटली तर पिल्लू तोंडाला फेस आणतं आणि घरचे झटका समजून घाबरतात.

आता पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा विषाणू. दीड ते सहा महिन्यांचं पिल्लू, लस न झालेली किंवा अर्धवट झालेली, आधी सुस्ती, मग उलट्या, मग दुर्गंधीचे रक्ताळ जुलाब. हा क्रम दिसला की घरगुती काही नाही. संसर्गानंतर साधारण 3 ते 7 दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून "काल तर मस्त होता" याला अर्थ नसतो. गुदद्वारातून काडीने नमुना घेऊन किटवर दहा-एक मिनिटांत निकाल कळतो. पण अगदी सुरुवातीला किट निगेटिव्ह येऊ शकतं, आणि नुकतीच लस झालेली असेल तर उगाच फिकट पॉझिटिव्हही. कधी लस दिली ते आधी सांगा.

डॉक्टरकडे येताना लसीचं कार्ड, आजचं वजन आणि शीचा ताजा नमुना आणा. नमुना डबीत, दोन तासांच्या आतला. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. अंगणातल्या मातीवरून खरवडून आणू नका. मातीतले सूक्ष्म कृमी त्यात येतात आणि लॅबवाला चकतो. जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) एका नमुन्यात सापडला नाही तरी नाही असं होत नाही, वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने लागू शकतात.

शाकाहारी_घर_टिळकनगर

खाण्याचं. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ-तेल-तूप काही नाही, कुकरला गुरगुट्या भात. कोंबडी चालत असेल तर बिनहाडाची, कातडी काढलेली, नुसत्या पाण्यात शिजवून बारीक तोडलेली, एक भागाला दोन भाग भात. आमच्यासारख्या घरात उकडलेलं अंडं, नाहीतर साय काढलेल्या गाईच्या दुधाचं घरी फाडलेलं पनीर. बाजारचं पनीर नको, स्निग्धांश फार. दूध चालत नाही आणि पनीर कसं चालतं, हे लोक विचारतात. दुधातला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बहुतेक निवळीबरोबर निघून जातो, म्हणून.

3 किलोच्या पिल्लाला पहिल्या वेळी एक-दोन मोठे चमचे, कोमट. दोन तास टिकलं तर दर तीन-चार तासांनी तेवढंच, हळूहळू वाढवत. लाल भोपळा उकडून एक छोटा चमचा त्यात कालवला की शी बांधायला मदत होते. दही चमचाभर ठीक, आंबट नको.

शी घट्ट झाली की दोन दिवस थांबून नेहमीचं खाणं पाव भाग मिसळा, मग निम्मं, मग पाऊण, आठवडाभरात पूर्ण. भात-कोंबडीवर पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यात कॅल्शियम जवळपास नाही आणि पिल्लाची हाडं वाढत असतात. नवं पिल्लू घरी आलं की आधीच्या माणसाकडून आठवड्याचं जुनं खाणं मागून घ्या. पहिल्या आठवड्यातले कितीतरी जुलाब फक्त खाणं एकदम बदलल्याचे असतात.

राजवाड्याजवळचा

आणि दूध-पोळी बंद करा रे बाबांनो! कुत्रीच्या दुधात स्निग्धांश नऊ टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. गाई-म्हशीच्या दुधात लॅक्टोज पाचाच्या जवळ. गल्लीतल्या पिल्लांना रोज संध्याकाळी दूध-बिस्किटाची परात ठेवून पुण्य मिळवणारे दुसऱ्या दिवशी त्यांच्याच जुलाबांवर नाक मुरडतात.

आपल्या शहराची खास पथ्यं वेगळी. शेव: बेसन, तेल, मीठ, तिखट, आणि लसूण शेव असेल तर लसूणही. लसूण आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तो परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणी शेवेला दोष देत नाही. पोह्यांवरच्या कच्च्या कांद्याचंही तेच. पावसाळ्यात सगळ्यात वाईट म्हणजे दाणे खाऊन रस्त्यावर फेकलेला भुट्टा. पिल्लू त्याचा तुकडा गिळतं, तो पचत नाही, आतड्यात अडकतो. सारख्या उलट्या, शी अगदी थोडी किंवा बंद, पोट ताठ, हात लावला तर कण्हणं, ही खूण. याला एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते, घरी एरंडेल पाजून निघत नाही, उलट जोर पडून आतडं फाटू शकतं. आंब्याच्या कोयीचंही हेच.

रामबागकर

जंतांबद्दल कुणी लिहिलं नाही. पिल्लू जन्मतःच गोल जंत घेऊन येतं, आईच्या पोटातून, आणि हुकवर्म दुधातून. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बारा आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध. शेवयांसारखे लांब पांढरे म्हणजे गोल जंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे हलणारे तुकडे म्हणजे टेपवर्म, तो पिसवांमधून येतो, पिसवा मारल्याशिवाय जात नाही. डोस वजनावर असतो. पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. दोन किलोच्या आतलं असेल तर स्वयंपाकघरातला काटा. माणसांची अल्बेंडाझोल देऊ नका, कुत्र्यांत तिचा रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर वाईट परिणाम होऊ शकतो. औषधानंतर एक दिवस शी सैल आणि त्यात मेलेले जंत, हे चालतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर विचारा. घरात रांगतं मूल असेल तर शी त्याच वेळी उचला, हे जंत मुलांनाही होतात.

महूचा_इंटर्न

सफाईचं राहिलं. फिनाईलने पार्व्हो मरत नाही. आधी शी पूर्ण उचलून साबणाने फरशी धुवा, कारण घाणीवर ब्लीच निकामी होतं. मग 5 टक्क्यांच्या आसपासचं साधं ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या, मग धुऊन कोरडी करा. तोपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. मातीच्या अंगणात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो, बऱ्या झालेल्या पिल्लाच्या शीतूनही दोन आठवडे जात राहू शकतो. खराब झालेले कागद आणि फडकी वेगळ्या पिशवीत बांधून कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात टाका, ओल्या कचऱ्यात नाही.

सुदामानगरच्या काकू

जुलाब चालू असताना लसीची तारीख आली तर?

महूचा_इंटर्न

पुढे ढकला, काकू. पोट ठीक झालं की डॉक्टरांना दाखवून घ्या, पण विसरू नका. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस आणि शेवटचा सोळा आठवड्यांचा किंवा त्यानंतरचा, असा हिशोब आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसीला निकामी करू शकते, म्हणून तो शेवटचा डोस चुकवायचा नसतो. तोवर पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, उचलून फिरवा.