मदत हवी आहे: सहा हजार डॉलरचं डिडक्टिबल, वरून पूरक पॉलिस्या घ्याव्यात का?

आम्ही अमेरिकेत राहतो. नवऱ्याच्या कंपनीने १ जानेवारी २०२६पासून जुना आरोग्य विमा (पीपीओ) बंद करून सगळ्यांना हाय डिडक्टिबल प्लॅनवर टाकलं आहे, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी बरीच मोठी रक्कम (डिडक्टिबल) आपल्या खिशातून भरायची. आम्ही तिघं. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला दमा आहे. फॅमिली डिडक्टिबल ६,००० डॉलर, त्यानंतर बिलाचे २० टक्के आपले आणि वर्षाची आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा, म्हणजे आपल्या खिशातून जास्तीत जास्त, १३,०००. कंपनी एचएसएमध्ये (अशा प्लॅनसोबत मिळणारं, वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) १,००० टाकणार आहे, बाकी आम्ही पगारातून थोडे थोडे टाकणार. ओपन एन्रोलमेंटचे, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायच्या मुदतीचे, नऊ दिवस उरलेत.

भीती कशाची ते सांगते. गेल्या मे महिन्यात मुलगा सायकलवरून पडला, मनगट मोडलं. इमर्जन्सी रूम, एक्स-रे, प्लास्टर, नंतर ऑर्थोपेडिककडे दोन फेऱ्या. इन-नेटवर्क दराने (विमा कंपनीने हॉस्पिटलशी ठरवलेल्या) एकूण ४,१८० डॉलर झाले होते. जुन्या प्लॅनमुळे आमच्या खिशातून तीनशेच्या आसपास गेले. हेच येत्या फेब्रुवारीत घडलं तर सगळे ४,१८० आमचे, आणि एचएसएमध्ये तोवर जेमतेम दीड हजार असतील. नोव्हेंबरात घडलं तर निभावेल. झोप उडाली आहे ती वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांमुळे.

एन्रोलमेंटच्या पानावर तीन पूरक पॉलिस्या दिसल्या: ॲक्सिडेंट, हॉस्पिटल इन्डेम्निटी आणि क्रिटिकल इलनेस. तिन्ही मिळून महिना ९६, वर्षाला १,१५२ डॉलर. काल रात्री तिन्हींचे तक्ते बसून वाचले. ॲक्सिडेंटवाली मनगटाच्या फ्रॅक्चरला ६००, इमर्जन्सी रूमला २०० आणि एक्स-रेला ५० देते, म्हणजे ४,१८०पुढे ८५०. हॉस्पिटलवाली ॲडमिट झाल्याचे १,००० आणि पुढे रोजचे १५० देते. पण मुलाला दोन वर्षांपूर्वी दम्याचा मोठा झटका आला होता, तेव्हा रात्रभर 'ऑब्झर्वेशन'मध्ये, म्हणजे नुसतं देखरेखीखाली, ठेवलं होतं, आणि या पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की ऑब्झर्वेशन म्हणजे ॲडमिशन नव्हे. आम्हाला ज्याची सर्वात जास्त शक्यता, तेच नेमकं वगळलेलं. तिसरी कॅन्सर, हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचं निदान झालं की एकरकमी २०,००० देते.

शिवाय माझ्या ऑफिसचा एफएसए आहे, म्हणजे पगारातून करमुक्त पैसे कापून वैद्यकीय खर्चासाठी ठेवायचं खातं (तिथला विमा घेत नाही, एफएसए घेते). तो पुढच्या वर्षीही ठेवून डिडक्टिबलला हातभार लावावा असं डोक्यात आहे. यातलं काय घ्यावं, काय सोडावं? ज्यांनी असा प्लॅन दोन-तीन वर्षं चालवलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी एफएसएचं बघा, बाकी सगळं नंतर. तुमच्या साध्या एफएसएतून नवऱ्याचाही वैद्यकीय खर्च निघू शकतो, त्यामुळे आयआरएसच्या (अमेरिकेचं आयकर खातं) नियमाने तो असेपर्यंत नवऱ्याला एचएसएमध्ये पैसे टाकताच येत नाहीत, कंपनीचे हजारसुद्धा नाहीत. पुढच्या वर्षी फक्त दात आणि डोळ्यांपुरता 'लिमिटेड पर्पज' एफएसए घेता येतो, तो चालतो. आणखी एक मेख: यंदाचे उरलेले पैसे कॅरीओव्हर होऊन, म्हणजे पुढच्या वर्षात ओढले जाऊन, साध्या एफएसएत गेले, तर २०२६चं पूर्ण वर्ष एचएसए अडतो. ३१ डिसेंबरच्या आत खातं शून्य करा, किंवा कॅरीओव्हर लिमिटेडमध्ये वळवता येईल का ते एचआरला लेखी विचारा.

तुम्ही लिहिलेल्या तीन पॉलिस्यांनी मात्र एचएसए बिघडत नाही. अपघात, ठरावीक आजार आणि हॉस्पिटलात रोजची ठरावीक रक्कम देणारा विमा कायद्याने चालतो.

प्रतिसाद २

तुमची अडचण पैशांची कमी आणि वेळेची जास्त आहे, आणि त्यावर पॉलिसीपेक्षा सोपा उपाय आहे. एचएसए जानेवारीच्या पहिल्या दिवसांतच उघडा, भले त्यात शंभर डॉलर असोत. खातं उघडल्यानंतर झालेला खर्च कधीही, अगदी काही वर्षांनीही, त्यातून परत घेता येतो. पावती मात्र जपून ठेवा. उघडण्याआधीचा खर्च कधीच घेता येत नाही. म्हणजे फेब्रुवारीत हात मोडला तर हॉस्पिटलकडून हप्ते बांधून घ्यायचे आणि खात्यात पैसे येतील तसे फेडायचे. आम्ही मुलीच्या ॲपेंडिक्सचं बिल चौदा महिन्यांत असंच फेडलं, व्याज नव्हतं. हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचं धोरण ठेवणं त्याला कायद्याने भाग आहे. अर्ज मागताना संकोच करू नका.

पगारातून एचएसएला जाणारी रक्कम वर्षाच्या मध्येही बदलता येते. पहिले चार महिने जास्त टाका, मग कमी करा. २०२६ची फॅमिली मर्यादा ८,७५० आहे, त्यात कंपनीचे हजार धरून. पगारातून गेलं की पगारातून कापले जाणारे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर करांचे ७.६५ टक्केही वाचतात. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत असाल तर राज्याचा कर मात्र लागतो.

दम्याबद्दल: २०१९पासून आयआरएसने रोजच्या स्टिरॉइड इनहेलरचा खर्च डिडक्टिबलआधीच उचलायची मुभा प्लॅनला दिली आहे. ती सक्ती नाही, म्हणून प्लॅनची 'प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट' (डिडक्टिबलआधी मिळणाऱ्या औषधांची यादी) मागवा आणि मुलाचं औषध नावानिशी शोधा. आमच्या यादीत ते निघालं आणि वर्षाचे जवळजवळ नऊशे डॉलर वाचले. झटक्याच्या वेळचा इनहेलर मात्र त्या यादीत असेलच असं नाही.

प्लॅनच्या समरीत (माहितीपत्रकात) एका व्यक्तीची वेगळी आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा किती आहे तेही बघा. फॅमिलीची १३,००० असली, तरी एकट्यावर तेवढा बोजा कायद्याने टाकता येत नाही.

पॉलिस्यांचं माझं मत: हॉस्पिटलवाली सोडा, तुमच्या मुलासाठी ती कुचकामी आहे हे तुम्हीच शोधून काढलंय. क्रिटिकल इलनेसचा विचार घरात कॅन्सरचा इतिहास असेल तर करा, आणि आधीच्या आजारांची अट वाचून. ॲक्सिडेंटवाली एकटी किती पडते?

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एफएसएचं कुणी सांगितलं नसतं तर मी सोमवारी अर्ज भरून मोकळी झाले असते. खात्यात अजून ४१० डॉलर आहेत. मुलाचा आणि माझा चष्मा या आठवड्यातच करून टाकते. ड्रग लिस्टसाठी आज फोन केला, त्याचं स्टिरॉइड इनहेलर यादीत आहे!

ॲक्सिडेंटवाली एकटी महिना २१ डॉलर आहे, वर्षाला २५२. सायकल तो सोडणार नाही आणि आता फुटबॉलही सुरू होतोय. ज्यांनी तिचा क्लेम केलाय त्यांना विचारायचं आहे: पैसे किती दिवसांत हातात आले, आणि इमर्जन्सी रूमऐवजी अर्जंट केअरला (तातडीच्या किरकोळ दुखण्यांसाठीचं क्लिनिक) गेलं तरी मिळाले का?