वैमानिकांच्या सर्वेक्षणातला राग एचआरच्या कपाटात का राहावा?

पहाटेची_ड्यूटी
बहुतेक मोठ्या विमान कंपन्या कर्मचाऱ्यांचं समाधान मोजणारं सर्वेक्षण घेतात. वैमानिकही ते भरतात, आणि पुढे त्याचं काय झालं हे भरणाऱ्याला कळत नाही. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), विश्रांती आणि व्यवस्थापनावरचा विश्वास या तीन गोष्टींची उत्तरं ही सुरक्षेची माहिती आहे. ती कंपनीबाहेरच्या संस्थेनं गोळा करावी आणि डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, दरवर्षी पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

डिसेंबर 2025 मध्ये काय झालं ते आठवा. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या तासांचे, म्हणजे एफडीटीएलचे, नवे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीची व्याख्या पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा 6 वरून 2. पहिला टप्पा जुलै 2025 ला आला, दुसरा नोव्हेंबरला. तरी 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांवर उड्डाणं रद्द झाली. चौकशीतून जी कारणं पुढे आली, त्यांत अपुरी तयारी आणि मनुष्यबळ व विमानं शेवटच्या थेंबापर्यंत पिळणारं नियोजन होतं. रोस्टर किती ताणलंय हे कॉकपिटमध्ये बसणाऱ्याला नोव्हेंबरच्या कितीतरी आधी कळतं. त्याला ते अधिकृतपणे विचारणारं बाहेरचं कुणी नाही.

हिशेबी
मुद्दा कळला, पण पुरावा कच्चा आहे. 2022 मध्ये एका संस्थेनं 542 भारतीय वैमानिकांना विचारलं, त्यांतल्या 66 टक्क्यांनी सहकाऱ्याला न सांगता कॉकपिटमध्ये डुलकी लागल्याचं कबूल केलं. आकडा सगळीकडे छापून आला. पण अशा सर्वेक्षणाला उत्तर द्यायला कोण बसतो? ज्याला त्रास आहे तो. ज्याचं बरं चाललंय तो फॉर्म उघडतही नाही.

दुसरं म्हणजे राग बऱ्याचदा पैशाचा असतो. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीचे वैमानिक मोठ्या संख्येनं आजारी पडले, कंपनीला रोजची 25-30 उड्डाणं कमी करावी लागली. वाद होता कमी उड्डाण झालं तरी मिळणाऱ्या हमीच्या पगाराचे तास 70 वरून 40 वर आणण्याचा. त्या महिन्यात व्यवस्थापनाबद्दल विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं? ते सुरक्षेची माहिती म्हणून नियामकाच्या टेबलावर ठेवायचं?

पहाटेची_ड्यूटी
@हिशेबी, पगाराचे प्रश्न वेगळे काढता येतात, प्रश्नावली नीट केली की झालं. आणि पगाराचा राग बिनमहत्त्वाचा कसा? करारात फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) नोटीस सहा महिन्यांची, कमांडरला (मुख्य वैमानिकाला) बारा महिन्यांची. डोक्यावर ट्रेनिंगचं कर्ज. नोकरी आवडली नाही म्हणून तो पुढच्या महिन्यात उठून जाऊ शकत नाही. राग साठतो तो इथे.

कोण उत्तर देत नाही, याबद्दल मात्र उलटं सांगतो. आमच्या कंपनीच्या फॉर्मवर वर लिहिलेलं असतं, 'तुमची ओळख गुप्त राहील'. खाली चार रकाने: बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर), विमानाचा प्रकार, पद, नोकरीची वर्षं. छोट्या बेसवर दहा-बारा वर्षं झालेले कमांडर असतात किती? चौथा रकाना भरेपर्यंत नाव न लिहिताच नाव लिहून होतं. माझ्याबरोबर उडणारे दोघं तिघं 'समाधानी'वर खूण करून मोकळे होतात. गप्प बसणाऱ्याचं बरं चाललंय असं धरून चालू नका.

रोस्टरवाला
मी आठ वर्षं क्रू शेड्युलिंगमध्ये होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. संध्याकाळी मुंबईत पाऊस कोसळतो, दोन विमानं अहमदाबादला वळतात, त्या क्रूचे ड्यूटीचे तास संपतात. स्टँडबायवर दोन माणसं, गरज पाचांची. खाली दीडशे लोक गेटवर उभे. तेव्हा आम्ही फोन करतो, आणि वैमानिकाच्या नजरेत 'मॅनेजमेंट' म्हणजे फोनवरचा तो मुलगा, ज्याचा पगार त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. सर्वेक्षणातले फटके त्यालाच बसतात. किती वैमानिक घ्यायचे हे ठरवणारे वरचे लोक त्या फोनवर कधीच नसतात.

प्रवासी_कल्याण
मला तिकीट काढताना वेळेवर उतरण्याची टक्केवारी दिसते. चालवणाऱ्याची झोप झाली आहे का, याबद्दल काहीच कळत नाही. मी @पहाटेची_ड्यूटी यांच्या बाजूनं.

निवृत्त_कमांडर
तिकिटाच्या पानावर झोपेचे आकडे टाकले तर लोक घाबरतील, शहाणे होणार नाहीत. माझा या प्रस्तावालाच विरोध आहे, आणि तो व्यवस्थापनाच्या प्रेमापोटी नाही.

थकवा आला तर फटिग रिपोर्ट द्यायचा, उड्डाणाला नाही म्हणायचं. तो अधिकार कमांडरचा आहे. मंगळूरचा 22 मे 2010 चा अपघात घ्या. 158 माणसं गेली. व्हॉइस रेकॉर्डरवरून कळलं की कमांडर तास-दीड तासाहून जास्त झोपले होते. उतरताना विमान फार उंचावर होतं, फर्स्ट ऑफिसरनं गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, म्हणून सांगितलं, तरी लँडिंग पुढे रेटलं. तिथे कुठल्या सर्वेक्षणानं काय वाचवलं असतं? गरज होती कॉकपिटमधल्या शिस्तीची आणि ज्युनियरचं ऐकण्याची.

आणि उत्तरं नियामकाकडे जातात हे कळलं की संघटना सगळ्यांना एकसारखं भरायला सांगतील. पगारवाढीच्या वाटाघाटीतलं ते हत्यार होईल, आणि आज जी थोडीफार खरी माहिती मिळते तीही जाईल.

पहाटेची_ड्यूटी
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'नाही म्हणायचं' हे तुमच्या काळात जितकं सोपं होतं तितकं आता राहिलेलं नाही. फटिग रिपोर्ट दिला की आधी स्पष्टीकरण मागणारा फोन येतो. दुसऱ्यांदा देताना माणूस चारदा विचार करतो. मंगळूरबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, पण ज्युनियरचं म्हणणं वर ऐकलं जात नाही ही तक्रार एका कॉकपिटपुरती असते का? ज्या कंपनीत खालून वर बोलण्याची सवयच नाही, तिथे ती कॉकपिटमध्ये कुठून येणार?

हत्यार होण्याची भीती मलाही आहे. म्हणूनच बाहेरची संस्था म्हणतोय. अमेरिकेत 1976 पासून वैमानिकांचे गोपनीय अहवाल तिथला नियामक एफएए स्वतः घेत नाही, नासा घेते. शिक्षा करू शकणाऱ्याच्या हातात नाव जाऊ नये, एवढ्यासाठी. नावं पुसली जातात, मजकूर सगळ्यांना वाचायला मिळतो.

निवृत्त_कमांडर
नासाकडे घटना जातात. अमुक धावपट्टी, अमुक रात्र, काय चुकलं. 'वरिष्ठांवर विश्वास नाही' ही घटना नव्हे, मत आहे. मतावरून कुणावर कारवाई करणार? माझा विरोध कायम आहे.

पहाटेची_ड्यूटी
मग मत विचारूच नका. गेल्या तीन महिन्यांत थकलेले असताना किती वेळा उडालात? फटिग रिपोर्ट दिल्यावर कुणाचा फोन आला? रोस्टर बारा तासांच्या आत किती वेळा बदललं? ही उत्तरं मला दर तिमाहीला कंपनीनिहाय छापलेली हवी आहेत.

हिशेबी
असं असेल तर माझी अर्धी हरकत संपली. नमुना कसा निवडणार ते आधी सांगा. स्वतःहून येणाऱ्यांचा आकडा मी अजूनही मानणार नाही.

रोस्टरवाला
तिसऱ्या प्रश्नासाठी वैमानिकाला विचारायची गरजच नाही. रोस्टर कधी बदललं, कुणी बदललं, वीकली रेस्टमध्ये किती फोन गेले, सगळं क्रू सिस्टिममध्ये वेळेसकट नोंदलेलं असतं. डीजीसीएनं तेच मागवावं. फोन करणाऱ्या मुलाचं नाव तेवढं काढून टाका, आणि तो फोन करायला कुणी सांगितलं ते ठेवा.