मोडकळीस आलेला महाविद्यालयीन हॉकी संघ: आधी टर्फ, की आधी तीस मुले?

सेंटर हाफ (धागाकर्ता)

आपल्या पुण्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात परवा 'निळे मैदान' यांनी लिहिले की, महाविद्यालयाचा हॉकी संघ पुन्हा उभा करायचा असेल तर टर्फ (कृत्रिम गवताचे मैदान) भाड्याने घ्यावे, बाहेरगावच्या पाच-सहा तयार मुलांना प्रवेश द्यावेत आणि दोन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन करंडक आणावा; मुरमावर घाम गाळणे हा आता निव्वळ भावनेचा भाग उरला आहे. त्याखाली उमटलेले अंगठे पाहून मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी पहिल्याच सामन्याला आपली नऊ मुले हजर होती आणि पंचांनी प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल दिली. त्या दिवशी सामना टर्फवर होता की शेणाने सारवलेल्या अंगणात होता, याने काडीचाही फरक पडला नसता. आपले प्रशिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, पुढे तासिका तत्त्वावर दरवर्षी नवा माणूस आला आणि त्याला मुलांची नावे पाठ होईपर्यंत त्याची नेमणूक संपली. संघ बुडाला तो या खड्ड्यात. मी तीन वर्षे सकाळी साडेसहाला मैदानावर जातो, म्हणून हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

दुसरे कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही, ते म्हणजे गोलरक्षकाचे साहित्य. जिमखान्याच्या कपाटातले पॅड उंदरांनी पोखरले आहेत. वाणिज्य शाखेचा एक मुलगा क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभा राहतो आणि चेंडू पायावर आला की पाय मागे घेतो, कारण त्या पॅडखालून बुटांची टोके उघडीच राहतात. गोलरक्षक पाय मागे घेऊ लागला की मुले 'डी'मध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, जोरात मारायला कचरतात, पेनल्टी कॉर्नरचा (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या फटक्याचा) सराव बंद पडतो आणि महिन्याभरात सगळा संघ मधल्या मैदानात नुसते पास देत बसतो. एका किटच्या अभावी संपूर्ण संघाचा खेळ असा अंग चोरू लागतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रथम वर्षाची तीस मुले रोज आणा, त्यांच्यासाठी एक माणूस सलग पाच वर्षे नेमा आणि गोलरक्षकाला नीट कपडे द्या. करंडकाचे नाव तोवर कोणी काढू नये. भारताचा माजी कर्णधार धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीत दोरीने बांधलेल्या मोडक्या स्टिक घेऊन खेळला. झारखंडच्या सिमडेगा भागात बोकडाचे बक्षीस ठेवलेल्या 'खस्सी' स्पर्धांमध्ये मुले-मुली बांबूच्या स्टिकने खेळतात. भारताची कर्णधार झालेली सलीमा टेटे त्याच मातीतली आहे.

निळे मैदान

माझ्या चार ओळींना इतके दीर्घ उत्तर मिळाले, हा मी माझा बहुमान समजतो. खडकी आणि सिमडेगा ही नावे निघाली की आपल्याकडे डोळे पाणावतात आणि चर्चा संपते. सिमडेग्यातही आज टर्फ आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. भारताने 1975 मध्ये क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर तोच देश ऑलिम्पिकमध्ये सातवा आला. ज्यांना पुरावा हवा आहे, त्यांना तो गेली जवळजवळ पन्नास वर्षे उपलब्ध आहे.

माझा स्वतःचा अनुभव याहून कडवट आहे. आम्ही वर्षभर मुरमावर सराव केला आणि विभागीय सामन्यासाठी पहिल्यांदा टर्फवर उतरलो. मुरमावर चेंडू उडेल या भीतीने आम्हाला स्टिक थोडी वर धरायची सवय लागली होती. टर्फवर चेंडू सरपटत आला आणि स्टिकखालून निघून गेला. मध्यंतरापर्यंत सात गोल झाले होते, आमच्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि समोरच्या संघातल्या एका मुलाने सहानुभूतीने मला पाण्याची बाटली दिली. ती बाटली मी आजही विसरलेलो नाही. तीस मुलांना रोज सकाळी चुकीचा खेळ शिकवून आपण नेमके काय उभे करणार आहात?

सेंटर हाफ

मॉस्को ऑलिम्पिकमध्ये 1980 साली भारताला सुवर्णपदक मिळाले तेही कृत्रिम मैदानावरच. तेव्हा आपल्या देशात टर्फ किती होते, हेही एकदा सांगावे.

निळे मैदान

अनेक देशांच्या बहिष्कारामुळे त्या स्पर्धेत पुरुषांचे सहाच संघ उरले होते. आपल्या विभागातल्या निम्म्या महाविद्यालयांनी बहिष्कार घातला, तर आपलाही संघ नक्की जिंकेल.

जिमखान्याची किल्ली

मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे आणि आपण दोघेही ज्या निधीवर भांडत आहात, तो दरवर्षी माझ्या टेबलावरून जातो. म्हणजे जातो असे म्हणतात, मला तो फारसा दिसत नाही. क्रिकेटच्या खेळपट्टीची मशागत, जाळ्या आणि चेंडू यांतून जे उरते, त्यात व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो आणि शेवटी हॉकी येते. टर्फ भाड्याने घ्यायचे म्हटले तर सकाळच्या सोयीच्या वेळा खासगी प्रशिक्षण वर्गांनी आधीच घेतलेल्या असतात आणि आपल्या वाट्याला दुपारची वेळ येते. त्या वेळी मुले प्रात्यक्षिकाला असतात आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सांगणारे सहकारी दारात उभे असतात.

परंतु मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो 'तयार मुले' या शब्दांवर. मी ते करून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनाच्या आग्रहाखातर आम्ही चार तयार खेळाडूंना शुल्कमाफी आणि वसतिगृह देऊन प्रवेश दिला. त्यांनी करंडक आणला आणि प्राचार्यांच्या दालनात छायाचित्र लागले. पुढच्या जूनमध्ये चौघांपैकी तिघे दुसऱ्या महाविद्यालयात गेले, कारण तिथे शुल्कमाफीवर मोबाइलही मिळत होता. आमची स्वतःची जी मुले वर्षभर राखीव म्हणून बाकावर बसली, ती तोपर्यंत कंटाळून निघून गेली होती. करंडक आला त्या वर्षी आमच्याकडे बावीस मुले होती आणि त्याच्या पुढच्या वर्षी सात.

परगावचा फॉरवर्ड

ताई, आपल्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो, कारण आपल्यासारख्याच एका बाईंनी माझा पात्रता अर्ज शेवटच्या दिवशी स्वतः विद्यापीठात नेऊन दिला होता. तरीही हा सगळा धागा वाचताना असे वाटते की, आम्ही बैलबाजारातून दावणीला आणलेली जनावरे आहोत.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून असाच 'तयार' म्हणून पुण्यात आलो. मोबाइल मिळाला नाही. मिळाली ती वसतिगृहात तिघांच्या खोलीत चौथी गादी. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या स्पर्धेला गेलो, त्याच आठवड्यात माझी अंतर्गत परीक्षा झाली आणि फेरपरीक्षेच्या अर्जावर कोणीही सही केली नाही. त्या विषयात मी नापास झालो. ज्या हातांनी माझ्या गळ्यात हार घातला होता, त्याच हातांनी पुढच्या वर्षीच्या शुल्कमाफीच्या यादीतून माझे नाव खोडले, कारण नियमाप्रमाणे नापास विद्यार्थ्याला सवलत मिळत नाही. त्यानंतर मी महाविद्यालय बदलले, तर तो माझा विश्वासघात कसा झाला?

आता धनराजचेच घ्या. तो खडकीत राहिला नाही. मोठा भाऊ रमेश मुंबईत खेळत होता म्हणून तो मुंबईला गेला आणि महिंद्र आणि महिंद्रच्या संघात नावारूपाला आला. म्हणजे 'सेंटर हाफ' यांचा आदर्शसुद्धा परगावचाच फॉरवर्ड होता.

सेंटर हाफ

हा मुद्दा मला लागला, हे मान्य करतो. तथापि धनराजला कंपनीने नोकरी दिली होती. महाविद्यालय जेव्हा विद्यार्थ्याच्या नावाखाली खेळाडू आणते आणि त्याला ना शिकवते ना पास करते, तेव्हा ती फसवणूक आहे. आणि तिचा पहिला बळी तो खेळाडूच असतो, हे तर आपणच सिद्ध केले.

परगावचा फॉरवर्ड

मी सिद्ध केले ते आपल्या सोयीचे तेवढेच आपण वाचले. ज्या दोन वर्षांत मी तिथे होतो, त्या काळात संध्याकाळी दिवे जाईपर्यंत मी तीन स्थानिक मुलांना ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू खेचून गोलात भिरकावणे, शिकवत असे: चेंडू स्टिकच्या दांड्यावर कसा खेचायचा, पुढचा पाय कुठे टाकायचा आणि कंबर कधी सोडायची. तोपर्यंत त्यांनी ती गोष्ट फक्त मोबाइलवर पाहिली होती. त्यांच्यातला एक आज शाळेत प्रशिक्षक आहे. बाहेरून आलेला मुलगा बाकावरच्या मुलाची जागा खातो, हे खरे. पण तो त्याला काही शिकवतो की नाही, हे विचारायला यांच्यापैकी कोणी संध्याकाळी मैदानावर आले होते काय?

जिमखान्याची किल्ली

आले होते. दिवे बंद करायला मीच जात असे. दुसऱ्या कोणाकडे किल्ली नव्हती. आपल्या फेरपरीक्षेची सही राहिली, हे वाचून मला वाईट वाटले आणि त्यात माझ्या पेशातल्या माणसांचा दोष आहे, हेही मी नाकारत नाही. मात्र सगळेच परगावचे फॉरवर्ड संध्याकाळी थांबत नाहीत. आमच्या चौघांतला एकच थांबत असे.

निळे मैदान

म्हणजे चारांतला एक थांबतो. मग आठ आणावेत, दोन थांबतील.

जिमखान्याची किल्ली

आपण विनोद करत असाल तर तो हीन आहे आणि गंभीरपणे लिहीत असाल तर त्याहून हीन आहे. नापास होणारी उरलेली सहा मुले कोणाची तरी मुले असतात.

वांद्रेकर

ही चर्चा मुंबईहून वाचताना मला आश्चर्य वाटते की, महाविद्यालयात येण्यापूर्वी मुलगा बारा वर्षे शाळेत असतो, याचा सर्वांना विसर पडला आहे. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉससारख्या शाळेने भारताचा माजी कर्णधार विरेन रस्किन्हासारखे खेळाडू दिले, कारण तिथे हॉकी हा घरचा खेळ होता. शाळेतली हॉकी आटल्यावर प्रथम वर्षाला 'तीस मुले' येणार कुठून? अठराव्या वर्षी पहिल्यांदा स्टिक धरणारा मुलगा ट्रॅपिंग (चेंडू स्टिकने अडवणे) शिकेपर्यंत त्याची पदवी पूर्ण होते. 'सेंटर हाफ' यांची योजना नेमकी इथे कोसळते आणि त्यांनी शाळेतल्या हॉकीचा साधा उल्लेखही केलेला नाही.

सेंटर हाफ

उल्लेख टाळला, कारण उत्तर अर्धेच आहे. माझ्या अकरापैकी आठ जणांनी महाविद्यालयात येण्यापूर्वी स्टिक धरलेली नव्हती. एक कबड्डीपटू फुलबॅक खेळतो. त्याला चेंडू थांबवता येत नाही, पण माणूस थांबवता येतो आणि त्यामुळे दर सामन्यात त्याला कार्ड मिळते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ही मुले बरे खेळू लागतात, तिसऱ्या वर्षी चांगले खेळतात आणि त्यानंतर निघून जातात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे जे पदवीचे चौथे वर्ष घेतील त्यांच्याबाबत थोडी आशा आहे, शिवाय खेळाला श्रेयांकही मिळू शकतात. प्रत्यक्षात मात्र मुलाने श्रेयांकाची वही पुढे केली की ती कोणी भरायची, यावर दोन विभागांत पत्रव्यवहार सुरू होतो.

फलटणची लेफ्ट इन

इतके प्रतिसाद वाचले. 'मुली' हा शब्द सिमडेगा दाखवण्यासाठी एकदाच आला आणि पुढे सगळ्यांनी 'मुले' उभी केली.

आमच्या तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ हॉकीत वर आल्या. मार्च 2024 मध्ये वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर झाली आणि महाराष्ट्राच्या मुली हरियाणाविरुद्ध अंतिम सामना खेळल्या. त्या सामन्याला माझ्या शेजारची जागा रिकामी होती. टर्फसाठी आणि तयार खेळाडूंसाठी इतके झगडणाऱ्यांपैकी कोणीही आपल्या शहरातल्या टर्फवर आपलाच संघ पाहायला आलेले मला दिसले नाही.

मी स्वतः शिकत असताना मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेल्या स्टिक आम्हाला मिळत. पस्तीस इंचांची स्टिक सगळ्यांना सारखीच, उंची काहीही असो. तरीही आम्ही चौदा जणी टिकलो आणि त्याचे कारण टर्फ नव्हते, की सवलतही नव्हती. आमच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितले होते की, मुलीला सहाला नेईन आणि आठला दारात आणून सोडीन. तीन वर्षे त्यांनी ते केले.

निळे मैदान

लेफ्ट इन ताई, अंतिम सामन्याला मी नव्हतो, हा आरोप मान्य करतो. कामावर होतो, हे कारण मलाही पटत नाही.

सरांच्या बाबतीत मात्र असे आहे की, असा एक सर मिळाला तर मुरूमच काय, डांबरी रस्ताही चालेल. पण महाविद्यालयाची व्यवस्था अशा माणसाच्या भरवशावर बांधता येत नाही. तो निवृत्त झाला की काय होते, ते 'सेंटर हाफ' यांनीच सुरुवातीला लिहून ठेवले आहे. टर्फ निवृत्त होत नाही.

सेंटर हाफ

टर्फही काही वर्षांत झिजते आणि बदलावे लागते. फक्त त्याच्या निरोप समारंभाला कोणी भाषण करत नाही.

असो. दर पंधरवड्याला एक दिवस टर्फ मिळाले तर मी मुलांना नेईन. स्टिक खाली धरायची सवय तेवढ्याने लागेल, असे 'निळे मैदान' यांची ती बाटली आठवून वाटू लागले आहे. तयार खेळाडूंबाबत माझे म्हणणे असे आहे की, एक आणावा, फार तर दोन, आणि त्यांच्या फेरपरीक्षेच्या अर्जावर प्रवेशाच्या दिवशीच सही घ्यावी.

परगावचा फॉरवर्ड

कोरी सही कोणीही देणार नाही, सर. पण मला कोणी विचारले असते, तर मी हेच मागितले असते.

फलटणची लेफ्ट इन

मुलींची वेळ कोणती, ते अजूनही ठरलेले नाही.

सेंटर हाफ

सोमवारपासून साडेसहालाच, मुलांसोबत. स्टिक आधी मुली निवडतील.

निळे मैदान

गोलरक्षकाचे एक जुने किट माझ्या माळ्यावर आहे. डाव्या किकरचा (बुटावरच्या संरक्षक कवचाचा) पट्टा तुटलेला आहे आणि हेल्मेटची जाळी वाकलेली आहे, परंतु पॅड शाबूत आहेत. रविवारी दहानंतर कोणीही येऊन घेऊन जावे. टर्फविषयीचे माझे मत बदललेले नाही.